जैवरासायनिक समतोल स्थिरांक: आकडा वाचावा कसा, मोजावा कसा, वापरावा कसा

मॅलेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमच्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक (अभिक्रिया समतोलाला आल्यावर उत्पादितं आणि सुरुवातीचे पदार्थ यांच्या संहतींचं गुणोत्तर) किती? एका ठिकाणी तुम्हाला ०.०००००६३ असं उत्तर मिळेल. दुसरीकडे ०.०००६३ दिसेल आणि तिसरीकडे ०.६३ पिकोमोलर. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात एक कोटी पटींचा फरक आहे, तरीही तिन्ही आकडे एकाच अभिक्रियेचे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिला पीएच ७ चा, दुसरा पीएच ९ चा. तिसऱ्यात हायड्रोजन आयनाची संहती सूत्राच्या आत धरलेली आहे, म्हणून त्याला मोलर हे एकक चिकटलं.

जीवरसायनशास्त्रात समतोल स्थिरांकाचा नुसता आकडा कामाचा नसतो. कुठलं समीकरण, किती तापमान, कुठला पीएच, मॅग्नेशियम किती, हे सगळं त्याच्यासोबत यायला हवं. नेट-गेटची गणितं सोडवताना ही माहिती प्रश्नातच दिलेली असते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही. स्वतःच्या प्रयोगासाठी आकडा शोधायची वेळ आली की मात्र गोंधळ उडतो. या लेखात हा प्रवास क्रमाने करू, आणि उदाहरण शक्यतो मॅलेट डिहायड्रोजिनेजचंच ठेवू.

पायरी १: समीकरण नक्की करा

अभिक्रिया अशी आहे (एनएडी हा इलेक्ट्रॉन स्वीकारणारा सहरेणू, एनएडीएच हे त्याचं इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप): मॅलेट + एनएडी ⇌ ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट + एनएडीएच + हायड्रोजन आयन.

रसायनशास्त्राच्या वर्गात शिकलेला स्थिरांक, त्याला ‘के’ म्हणू, उजवीकडच्या सगळ्या संहतींचा गुणाकार भागिले डावीकडच्या संहतींचा गुणाकार असा असतो, आणि त्यात हायड्रोजन आयनही येतो. जीवरसायनशास्त्रात आपण पीएच बफरने बांधून ठेवतो. म्हणून हायड्रोजन आयन सूत्रातून वगळतो आणि उरलेल्या स्थिरांकाला के′ लिहितो. वाचताना के-प्राइम.

के′ = ([ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट] × [एनएडीएच]) ÷ ([मॅलेट] × [एनएडी])

के′ मधल्या प्रत्येक नावाचा अर्थ ‘त्या पदार्थाची सगळी रूपं मिळून’ असा असतो. पीएच ७ ला द्रावणात एटीपीची अनेक रूपं एकत्र नांदतात: चार ऋण भारांचं, एक हायड्रोजन पकडलेलं, मॅग्नेशियमशी जोडलेलं. के′ मध्ये ‘एटीपी’ म्हणजे या सर्वांची बेरीज. म्हणूनच जैवरासायनिक समीकरणात भार आणि हायड्रोजन यांचा ताळमेळ दाखवत नाहीत. या मांडणीला काटेकोर गणिती पाया रॉबर्ट अल्बर्टी यांनी दिला. आययूपॅक आणि आययूबीएमबी या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या १९९४ च्या शिफारशींत हीच पद्धत आहे. माझ्या मते हा भाग पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवायला हवा, कारण पुढचा निम्मा गोंधळ के आणि के′ यांच्या सरमिसळीतून होतो.

पाण्याचंही असंच. फ्युमरेट + पाणी ⇌ मॅलेट या अभिक्रियेत पाणी हाच द्रावक आहे, त्यामुळे त्याची सक्रियता १ धरतात. के′ म्हणजे सरळ मॅलेट भागिले फ्युमरेट, साधारण साडेचार. कुणी पाण्याचे ५५.५ मोलर छेदात घातले तर उत्तर ०.०८ येईल आणि फ्युमरेटचं मॅलेट होणं प्रतिकूल आहे असा उलटाच निष्कर्ष निघेल.

समीकरण उलटं लिहिलं तर स्थिरांक व्यस्त होतो, दुप्पट करून लिहिलं तर त्याचा वर्ग होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण संदर्भातून आकडा उचलताना दिशा तपासायची राहून जाते. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची अभिक्रिया कुणी पायरुव्हेटकडून लिहितात, कुणी लॅक्टेटकडून.

पायरी २: परिस्थिती लिहून काढा

पाच गोष्टी कागदावर घ्या: तापमान, पीएच, मुक्त मॅग्नेशियम, आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातल्या एकूण आयनांचं माप) आणि बफर.

पीएचचा परिणाम सगळ्यांत मोठा. आपल्या अभिक्रियेत उजवीकडे एक हायड्रोजन आयन सुटतो, म्हणून पीएच एकाने वाढला की के′ दहापट होतो. पीएच ७ ला ०.०००००६३, ८ ला ०.००००६३, ९ ला ०.०००६३. हा सोपा हिशोब इथे चालतो, कारण पीएच ७ ते ९ च्या पट्ट्यात मॅलेट आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट यांचे दोन्ही कार्बॉक्सिल गट आधीच पूर्ण आयनीभूत असतात. एटीपी किंवा फॉस्फेट असलेल्या अभिक्रियांत तो तसाच लावू नका. त्यांचे पीके (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा हायड्रोजन सुटलेला असतो तो आकडा) पीएच ७ च्या अगदी जवळ असल्याने सुटणाऱ्या हायड्रोजन आयनांची सरासरी संख्या पीएचबरोबर बदलत राहते. मॅग्नेशियमचंही तसंच: एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट त्याला कमी-अधिक घट्ट धरतात, म्हणून मॅग्नेशियम बदललं की के′ही सरकतो. आपल्या उदाहरणात मॅग्नेशियमचा संबंध वेगळ्या कारणाने येतो, तो पुढे पाहू.

तापमानासाठी व्हॅन्ट हॉफचं समीकरण आहे. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेचा स्थिरांक तापमान वाढल्यावर घटतो. एन्थाल्पीबदल (अभिक्रियेत घेतलेली किंवा सोडलेली उष्णता) उणे २० किलोज्यूल प्रति मोल असेल, तर २५ अंशांवरून ३७ अंशांवर जाताना के′ सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. शिवाय तापमान बफरमधूनही काम करतं. ट्रिसचा पीएच दर अंशामागे अंदाजे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना जुळवलेलं ट्रिस ३७ अंशांना वापरलं तर पीएच एक तृतीयांश एककाने खाली असतो, आणि आपल्या अभिक्रियेत तेवढ्याने के′ निम्म्यावर येतो. म्हणून पीएच मीटर प्रयोगाच्याच तापमानाला कॅलिब्रेट करा, आणि शेवटचं वाचन सगळे घटक मिसळल्यानंतर घ्या.

पायरी ३: आधी कुणी मोजलंय का ते बघा

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेत रॉबर्ट गोल्डबर्ग आणि यदु तिवारी यांनी एन्झाइमच्या अभिक्रियांचे प्रत्यक्ष मोजलेले समतोल स्थिरांक वर्षानुवर्षं गोळा केले. त्या संग्रहात प्रत्येक आकड्यासोबत तापमान आणि पीएच दिलेलं असतं. मोजमाप उपलब्ध नसेल तेव्हा इक्विलिब्रेटर हे संकेतस्थळ रेणूच्या तुकड्यांवरून अंदाज बांधतं, आणि पीएच, आयनिक स्ट्रेंग्थ, मॅग्नेशियम तुम्ही स्वतः निवडू शकता. तिथल्या उत्तरासोबत येणारी अनिश्चितता वगळून नुसता आकडा उचलू नका. गिब्ज ऊर्जेत (के′ चंच ऊर्जेच्या भाषेतलं रूप, सूत्र पायरी ५ मध्ये) एका किलोज्यूलची चूक म्हणजे के′ मध्ये दीडपट, आणि ५.७ किलोज्यूलची चूक म्हणजे थेट दहापट.

पायरी ४: स्वतः मोजा

स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या कुठल्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग जमण्यासारखा आहे. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. एनएडीएचचा मोलर शोषण गुणांक ६२२० आहे, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१ मिलिमोलरला ०.६२२ ओडी (प्रकाश शोषणाचं माप).

आधी कागदावर हिशोब करा, मगच पिपेट उचला. समजा मॅलेट १० मिलिमोलर आणि एनएडी १ मिलिमोलर घेतलं. समतोलाला ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि एनएडीएच सारखेच तयार होतील. पीएच ७ ला एनएडीएच जेमतेम ८ मायक्रोमोलर होईल आणि ओडी ०.०५ च्या आसपास येईल. एवढ्या छोट्या वाचनात क्युव्हेटवरचा ओरखडासुद्धा मोठी चूक ठरतो. पीएच ८ ला ओडी ०.१५. पीएच ९ ला एनएडीएच ७६ मायक्रोमोलर आणि ओडी ०.४७, म्हणजे नेमकं वाचता येईल असं. म्हणून मोजायचं पीएच ९ ला, आणि नंतर शंभराने भागून पीएच ७ चा आकडा काढायचा.

आता साहित्य. मॅलेट ‘एल’ रूपातलंच घ्या. डीएल मिश्रण स्वस्त मिळतं, पण एन्झाइम त्यातला अर्धाच भाग ओळखतं आणि तुमची संहती दुप्पट धरली जाते. एनएडीची पावडर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे वजनावर विसंबू नका. द्रावण करून २६० नॅनोमीटरला संहती तपासा. अल्कलीत एनएडी हळूहळू मोडतं आणि आम्लात एनएडीएच मोडतं. म्हणून एनएडीचं स्टॉक द्रावण साध्या पाण्यात, एनएडीएचचं किंचित अल्कधर्मी बफरमध्ये करून दोन्ही बर्फात ठेवा, आणि त्याच दिवशी वापरा.

सगळ्यांत नाजूक पदार्थ ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट. त्यातून आपोआप कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पायरुव्हेट उरतं. मॅग्नेशियमसारखे दोन भारांचे धातू आयन ही गळती वाढवतात, म्हणून या प्रयोगात मॅग्नेशियम घालू नये. गळती ओळखायची खूण अशी: ओडी चढून स्थिरावण्याऐवजी सावकाश वर सरकत राहतो, कारण एक उत्पादित नाहीसं होत असल्याने अभिक्रिया पुढे ओढली जाते. अशा वेळी एन्झाइमचं प्रमाण वाढवून समतोल काही मिनिटांत गाठा, म्हणजे गळतीला वेळच मिळत नाही.

मॅलेट किंवा लॅक्टेट मोजायच्या जुन्या कृतींमध्ये हायड्रेझिन असतं. ती कृती इथे उचलू नका. हायड्रेझिन कार्बोनिल उत्पादिताला पकडून बाजूला काढतं, जेणेकरून सगळं मॅलेट संपावं. मॅलेट किती आहे हे मोजायचं असेल तेव्हा ते उपयोगी आहे, पण समतोल मोजताना तेच समतोल बिघडवतं.

प्रत्यक्ष कृती:

क. पीएच ९ चं ग्लायसिन बफर, मॅलेट आणि एनएडी क्युव्हेटमध्ये घ्या. २५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा. ओडी नोंदवा, हे तुमचं शून्य.

ख. एन्झाइम घाला, हलकेच मिसळा, दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या. सोबत दुसऱ्या क्युव्हेटमध्ये मॅलेट न घालता बाकी सगळं घ्या, म्हणजे एन्झाइममुळे किती ओडी वाढला ते कळेल.

ग. ओडी थांबल्यावर आणखी थोडं एन्झाइम घाला. वाचन हललं नाही तर समतोल आला. हललं तर आधीचं थांबणं हे एन्झाइम मंदावल्याचं लक्षण होतं.

घ. क्युव्हेटमधल्या द्रावणाचा पीएच तिथल्या तिथे मोजा. पीएचमध्ये ०.१ ची चूक के′ मध्ये २६ टक्क्यांची चूक होते.

च. आता उलट दिशेने या. त्याच १० मिलिमोलर मॅलेट आणि १ मिलिमोलर एनएडीमध्ये ०.१५ मिलिमोलर ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि ०.१५ मिलिमोलर एनएडीएच आधीच घाला. ओडी ०.९३ पासून सुरू होईल आणि उतरत ०.५१ च्या आसपास थांबेल.

शेवटची पायरी पुष्कळ जण वेळेअभावी गाळतात. कृपया गाळू नका. दोन्ही बाजूंचे अंतिम ओडी सारखे येणार नाहीत, ०.४७ आणि ०.५१ असा फरक राहणारच, कारण सुरुवातीचं साहित्य वेगळं आहे. सारखा यायला हवा तो भागाकार. दोन्हीकडून के′ ०.०००६३ च्या आसपास आला तरच तुम्ही समतोल मोजला असं म्हणता येतं. एकाच बाजूने आलेलं स्थिर वाचन अडखळलेल्या अभिक्रियेचंही असू शकतं.

एन्झाइम समतोल बदलत नाही, फक्त तिथे पोचण्याचा वेळ कमी करतं. पण त्याची संहती सब्स्ट्रेटच्या मानाने नगण्य ठेवावी, नाहीतर त्याला चिकटलेलं एनएडीएचही हिशोबात येतं.

पायरी ५: रूपांतर आणि पडताळा

प्रमाण (म्हणजे ठरवलेल्या मानक परिस्थितीतला) गिब्ज ऊर्जाबदल = −(आर × टी) × नैसर्गिक लॉग (के′). इथे आर हा वायू स्थिरांक आणि टी हे केल्विनमधलं तापमान. २५ अंशांना आर × टी म्हणजे २.४७९ किलोज्यूल प्रति मोल. दहाच्या पायाचा लॉग वापरायचा असेल तर ५.७०८ ने गुणा. पीएच ७ चा ०.०००००६३ घेतला की अधिक २९.७ किलोज्यूल येतात.

आता त्याच उत्तराकडे पूर्णपणे वेगळ्या वाटेने जाऊ. एनएडीचं प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचं माप) उणे ०.३२० व्होल्ट, ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट-मॅलेट जोडीचं उणे ०.१६६ व्होल्ट. फरक उणे ०.१५४. दोन इलेक्ट्रॉन गुणिले फॅरडे स्थिरांक ९६.४८५ गुणिले ०.१५४, म्हणजे पुन्हा २९.७. जिथे ऑक्सिडेशन-क्षपण आहे तिथे हा पडताळा जरूर घ्या.

दुसरा पडताळा एन्झाइमच्या वेगावरून मिळतो. एकच सब्स्ट्रेट आणि एकच उत्पादित असेल तर (केएम म्हणजे ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती संहती):

के′ = (पुढचा कमाल वेग × उत्पादिताचा केएम) ÷ (उलटा कमाल वेग × सब्स्ट्रेटचा केएम)

हा संबंध जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्ये मांडला. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथेच राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. फ्युमरेजच्या दोन्ही दिशांचे वेग मोजून भागाकार साडेचारच्या जवळ येत नसेल, तर चारपैकी निदान एक आकडा चुकला आहे. एकट्या केएमला मात्र समतोल स्थिरांक समजू नका, त्यात अभिक्रियेचा वेगही मिसळलेला असतो.

पायरी ६: आकडा वापरा

जोडलेल्या अभिक्रियांत ऊर्जांची बेरीज होते आणि स्थिरांकांचा गुणाकार. मॅलेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करणं इतकं प्रतिकूल असताना सायट्रिक अ‍ॅसिड चक्र फिरतं कसं? पुढची सिट्रेट सिंथेजची पायरी उणे ३२.२ किलोज्यूलची आहे, के′ सुमारे ४,४०,०००. दोन्हींचा गुणाकार पावणेतीनच्या आसपास येतो. म्हणजे दोन पायऱ्या मिळून अभिक्रिया अनुकूल होते, ती मायटोकॉन्ड्रियात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटची संहती अत्यल्प ठेवूनच. हेक्सोकायनेजचंही हेच गणित: ग्लुकोजला नुसतं फॉस्फेट जोडण्याचा के′ ०.००३८, एटीपीच्या जलविघटनाचा सुमारे २,२०,०००, गुणाकार आठशेच्या पुढे.

डावी-उजवीकडच्या रेणूंची संख्या वेगळी असेल तिथे के′ ला एकक असतं आणि अंतर्ज्ञान फसतं. अल्डोलेज फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचे दोन तुकडे करतं. प्रमाण ऊर्जाबदल अधिक २३.८ किलोज्यूल, के′ ६८ मायक्रोमोलर. आकडा बघून ‘ही अभिक्रिया होतच नाही’ असं वाटतं. सुरुवातीला १ मोलर घेतलं तर खरंच एक टक्कासुद्धा तुटत नाही. १ मिलिमोलर घेतलं तर २३ टक्के तुटतं. ०.१ मिलिमोलर घेतलं तर ५५ टक्के, अर्ध्याहून जास्त. पेशीतल्या संहती मायक्रोमोलरच्या पट्ट्यात असतात, आणि म्हणूनच ग्लायकोलिसिसची ही पायरी तिथे सहज चालते. प्रमाण ऊर्जाबदलाचं चिन्ह पाहून निर्णय देण्याची सवय इथे मोडली पाहिजे.

पेशीत नेमकं काय घडेल हे ठरवण्यासाठी त्या क्षणीच्या संहतींचं गुणोत्तर क्यू काढा आणि त्याला के′ ने भागा. भागाकार एकपेक्षा लहान तर अभिक्रिया पुढे, मोठा तर मागे. तांबड्या रक्तपेशीत एटीपी २.२५, एडीपी ०.२५ आणि फॉस्फेट १.६५ मिलिमोलर धरलं, तर एटीपीच्या जलविघटनाची प्रत्यक्ष ऊर्जा प्रमाण ऊर्जाबदलाइतकी, म्हणजे उणे ३०.५, नसून उणे ५२ किलोज्यूल येते. क्यू हा के′ पेक्षा शंभर कोटी पटींनी लहान आहे, आणि पेशी हे अंतर टिकवण्यासाठी सतत काम करते.

एखादी अभिक्रिया पेशीत समतोलाजवळ असेल तर हिशोब उलटाही फिरवता येतो: के′ ठाऊक आहे, मग जे मोजता येत नाही ते काढायचं. पेशी फोडून एनएडीएच मोजलं तर प्रथिनांना चिकटलेलंही मोजलं जातं, मुक्त किती ते कळत नाही. १९६७ मध्ये हान्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातलं लॅक्टेट आणि पायरुव्हेट मोजलं, आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या स्थिरांकावरून पेशीद्रवातलं मुक्त एनएडी-एनएडीएच गुणोत्तर काढलं. लॅक्टेटकडून पायरुव्हेटकडे लिहिलेला तो स्थिरांक पीएच ७ आणि ३८ अंशांना ०.०००१११ होता. लॅक्टेट पायरुव्हेटच्या साडेबारापट धरलं तर गुणोत्तर ७२० येतं. हेच गणित पाठ्यपुस्तकातल्या २५ अंशांच्या २५.१ किलोज्यूल या प्रमाण ऊर्जाबदलावरून केलं तर स्थिरांक ०.००००४ निघतो आणि गुणोत्तर २,००० वर जातं. मोजलेलं लॅक्टेट तेच, पायरुव्हेटही तेच.